‘एकदाचं कापून टाका की हो डॉक्टर!’

प्रत्येक स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदी-मिठाच्या डब्यांमागे, एक पुडी हमखास असते. कुणाकडे खाण्याचा सोडा, कुणाकडे ओव्याची पूड, कुणाकडे केमिस्टकडून आणलेली गुलाबी औषधाची बाटली. घोडेगावच्या वर डिंभ्याच्या डोंगरात किंवा जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात गेलात तर हिरड्याचे चूर्ण. पोटात जळजळले की घ्यायची चिमूटभर आणि लागायचे पुन्हा कामाला. तुम्ही घेता, मी घेते, आपल्या आयाही हेच करत आल्या. शंभरातल्या बहुतेक वेळा ती जळजळ साधीच असते, हेही खरे. पण कधीतरी ती साधी नसते. आजचा हा लेख त्या वेळेबद्दल आहे. विषय जड आहे, पण मैत्रिणींनो, पान उलटू नका. कारण ही वेळ आली की घरातला निर्णय अर्धा आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि तोही रडत-रडत, घाईघाईने.

एक घर डोळ्यांसमोर आणा. नारायणगावच्या आसपासचे, टोमॅटो आणि कांद्याचे. घरात सासूबाई आहेत, साठीच्या. सहा महिन्यांपासून म्हणत होत्या, “दोन घास खाल्ले की पोट भरल्यागत होतंय गं.” सगळ्यांना वाटले, वय झाले. मग वजन उतरले, चोळ्या ढिल्या झाल्या. शौचाला काळे होऊ लागले, ते मात्र त्यांनी लाजेने सांगितलेच नाही. एक दिवस अंगणातच चक्कर आली तेव्हा मंचरला नेले. रक्त फारच कमी निघाले. तिथून पुणे. तोंडातून दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला, पोटाचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, “जठराचा कॅन्सर आहे, आणि लिव्हरमध्ये डाग दिसतायत.”

मुलगा काय म्हणाला असेल? आपल्याकडे बहुतेक मुले जे म्हणतात तेच. “डॉक्टर, पैशाचं बघू नका. वेळ पडली तर खालचं वावर इकू. पण एकदाचं कापून टाका की हो!”

आणि डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन आत्ता नाही करायचं.”

त्या क्षणी घरच्यांना वाटते, डॉक्टरांनी हात झटकले. कुणी म्हणते, “मोठ्या दवाखान्यात नेऊ, तिथं करतील.” कुणी म्हणते, “पैसे कमी वाटले असतील.” हा गैरसमज फार महागात पडतो. म्हणून ऑपरेशन ‘नाही’ का, आणि कधी ‘हो’, हे आज नीट समजून घेऊ.

पोटातले दुखणे लिव्हरमध्ये जाते कसे?

आपल्या भागातल्या बाईला हे समजायला फार सोपे आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आठवा. माणिकडोहचे पाणी नदीने येते, डिंभ्याचे डाव्या कालव्याने येते, आणि येडगावच्या धरणात एकत्र होऊन मग पुढे जाते. शरीरातही असेच आहे. जठर, आतडी, प्लीहा या सगळ्यांचे रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होते आणि सर्वांत आधी लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात जाते. आपण खाल्लेले अन्न तिथे गाळले जाते, साठवले जाते, आणि मगच रक्त हृदयाकडे निघते. जठरातल्या गाठीतून सुटलेल्या पेशी या प्रवाहात पडल्या की त्यांचा पहिला मुक्काम लिव्हरच. तिथे त्या रुजल्या की स्कॅनवर डाग दिसतात. हा काही वेगळा ‘लिव्हरचा कॅन्सर’ नव्हे. बी जठराचेच, पडले मात्र दुसऱ्या शेतात. म्हणूनच त्याला औषधही जठराच्या कॅन्सरचे द्यावे लागते.

आता अडचण बघा. स्कॅनवर दिसतो तो डाग हरभऱ्याएवढा किंवा लिंबाएवढा असतो. मोहरीपेक्षा बारीक असलेला डाग स्कॅनला दिसत नाही. लिव्हरमध्ये दोन डाग दिसले, तर न दिसणारे किती असतील याचा भरवसा कोण देणार? शिवाय पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, ज्याला उदरावरण म्हणतात, त्यावरही पेशी सांडलेल्या असू शकतात. शेतात हरळी माजली असताना वर दिसणारे दोन कोंब उपटून भागते का? मुळ्या खाली पसरलेल्या असतात. तसेच हे.

व्हिएन्नातल्या बाईची गोष्ट

हे शहाणपण डॉक्टरांनाही एका दिवसात आलेले नाही. जठराचा कॅन्सर कापून काढण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्ना शहरात झाले. शल्यविशारद होते थिओडोर बिलरोथ. रुग्ण एक बाईच होती, थेरेसे हेलर, वय वर्षे 43. तिच्या पोटात अन्न टिकत नव्हते. बिलरोथ यांनी जठराचा खालचा रोगट भाग काढला आणि उरलेला भाग आतड्याला जोडून रेशमी टाके घातले. बाई सावरली, खाऊ-पिऊ लागली. साऱ्या जगाने आश्चर्य केले. पण जेमतेम चार महिन्यांनी ती गेली. शिवण छान भरून आली होती. बाईला नेले ते आधीच पोटात पसरलेल्या कॅन्सरने.

हात कितीही कुशल असला तरी जे पसरले आहे त्याला सुरी पुरत नाही, हा धडा पहिल्याच ऑपरेशनने दिला होता. पुढे सव्वाशे वर्षे डॉक्टर या प्रश्नाशी झगडत राहिले. निदान मुख्य गाठ तरी काढली तर रुग्ण जास्त जगेल का? ओझे थोडे हलके होईल का?

मोठ्या अभ्यासांनी काय सांगितले

याचे उत्तर अंदाजाने देऊन चालत नाही. म्हणून जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर या देशांतल्या डॉक्टरांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. या देशांत जठराचा कॅन्सर पुष्कळ, म्हणून तिथल्या शल्यविशारदांचा हातही सरावलेला. 175 रुग्ण घेतले. सगळ्यांचा रोग जठराबाहेर एकाच ठिकाणी पोचलेला होता, कुणाचा लिव्हरमध्ये, कुणाचा पोटाच्या पडद्यावर, कुणाचा मागच्या गाठींमध्ये. निम्म्यांना फक्त केमो, म्हणजे शिरेतून आणि गोळ्यांनी द्यायची औषधे. बाकीच्यांचे आधी जठर काढले आणि मग तीच औषधे. निकाल 2016 साली छापून आला. जठर काढल्याने आयुष्य वाढले नाही. दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण मोजले, तर नुसत्या औषधांच्या गटात शंभरी 32 आणि ऑपरेशनच्या गटात 25 निघाले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

असे का व्हावे? विचार केला तर आपल्यालाही कळेल. जठर काढलेले माणूस महिना-दोन महिने नीट जेवू शकत नाही. वजन उतरते, अंगात त्राण राहत नाही. मग जी औषधे साऱ्या शरीरातल्या पेशींवर चालायची, तीच पूर्ण सोसत नाहीत. ऑपरेशनच्या जखमेपायी खरे औषध मागे पडते.

तरी डॉक्टरांनी प्रश्न सोडला नाही. त्यांनी विचारले, समजा आधी औषधे दिली, रोग मागे हटलेला दिसला, आणि मग जठरासकट लिव्हरचे डागही काढले तर? जर्मनीत 139 रुग्णांवर हेही करून पाहिले. 2024 साली निकाल आला. एकूण गट म्हणून बघितले, तर ऑपरेशनवाल्यांचे आयुष्य वाढले नाही. ज्यांचा रोग फक्त दूरच्या गाठींपुरता होता त्यांना थोडा लाभ झाल्यासारखा दिसला. पोटाच्या पडद्यावर पसरलेल्यांना उलट तोटाच झाला.

तेव्हा डॉक्टर ‘आत्ता ऑपरेशन नाही’ म्हणतात, ते तुम्ही गरीब म्हणून नव्हे आणि त्यांना येत नाही म्हणूनही नव्हे. त्यामागे एवढ्या माणसांचा अनुभव उभा आहे.

मग कधीच नाही का?

असेही नाही हो. काही थोडे रुग्ण असे निघतात की ज्यांच्या बाबतीत विचार करावा. जपानच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लिव्हरमध्ये एकच डाग असेल आणि बाकी कुठे काही नसेल, तर ऑपरेशनचा विचार करायला मोकळीक ठेवली आहे. लिव्हरचा एक गुण तर थक्क करणारा आहे. निरोगी लिव्हरचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. त्यामुळे कापणे शक्य असते. प्रश्न असतो तो कापून फायदा होण्याचा.

म्हणून अनुभवी डॉक्टर आधी दोन-चार महिने केमो देतात आणि पुन्हा स्कॅन करतात. नवे डाग उगवले नाहीत, होते ते आकसले, रुग्णाची तब्येत बरी आहे, तर पोटाला छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने आत बघतात. पडद्यावर काही सांडलेले नाही याची खात्री झाली, की मग ठरवायचे. अशा पारखून घेतलेल्या रुग्णांत पाच वर्षे ओलांडलेली माणसेही आहेत. पण ती आधीपासूनच बऱ्या स्थितीतली होती, हे विसरू नका. शेजारच्या गावातल्या कुणाचे ऑपरेशन झाले आणि ते हिंडतायत, म्हणून आपल्या आईचेही होईलच असे नसते.

औषधांतही बरीच भर पडली आहे. काढलेल्या तुकड्यावर आता जादा तपासण्या होतात. काही रुग्णांच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असते. त्यांना केमोबरोबर एक खास इंजेक्शन दिले तर आयुष्य वाढते, हे 2010 साली सिद्ध झाले. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधेही आता काही रुग्णांना देतात. ती महाग असतात आणि सर्वांना लागू पडत नाहीत. पण ‘या तपासण्या झाल्या का?’ हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा.

आरामासाठी केलेले ऑपरेशन निराळे

आणखी एक गोंधळ इथे होतो. कधी गाठीमुळे जठराचे तोंड बंद होते. खाल्लेले सगळे उलटून पडते, पाणीसुद्धा ठरत नाही. अशा वेळी आतड्याला जठरात वरच्या बाजूला जोडून अन्नाला दुसरी वाट काढून देतात, किंवा दुर्बिणीतून जाळीची नळी बसवतात. कधी गाठीतून रक्त वाहते, तेव्हा दुर्बिणीने किंवा किरणोपचाराने ते थांबवतात. हे उपाय रोग बरा करायला नसतात, पण माणसाला दोन घास सुखाने मिळावेत म्हणून असतात. ते कमी दर्जाचे समजू नका. आजारी माणसाला विचाराल तर घोटभर चहा पोटात राहणे ही त्याला केवढी तरी मोठी गोष्ट असते.

मात्र डॉक्टर ऑपरेशन म्हणाले की स्पष्ट विचारा, “हे आयुष्य वाढवायला आहे, की त्रास कमी करायला?” एवढा एक प्रश्न घरातली अर्धी भांडणे मिटवील.

वावर विकण्याआधी

आता पैशाचे. आपल्या भागात आजारपणाने विकल्या गेलेल्या जमिनी काही कमी नाहीत. मुलगा प्रेमापोटी विकतो, भावकीत नाव राखायला विकतो, आणि सहा महिन्यांनी आईही नसते आणि वावरही नसते. म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली म्हणजे सगळे कागद एका पिशवीत ठेवा. तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्मा, रक्ताचे कागद, तारखेप्रमाणे लावून. हे काम घरातल्या शिकलेल्या सुनेने किंवा लेकीने अंगावर घ्यावे.

दुसरी, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय आहे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून कॅन्सरचेच काम करते आहे. एकट्या शल्यविशारदाने ठरवण्यापेक्षा औषधे देणारे, ऑपरेशन करणारे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथला सल्ला अधिक भरवशाचा.

तिसरी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्याआधीच करा. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा निर्णय सरकारने 2023 साली घेतला. कॅन्सरची पुष्कळ ऑपरेशने आणि केमो त्यात बसतात. पण रुग्णालय योजनेत असावे लागते. तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतात, त्यांना शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून विचारा. आधी रोख भरून मग विचारायला जाऊ नका.

चौथी गोष्ट अशी की, “ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, आणि केलं तर काय होईल?” हे दोन्ही विचारा. उत्तर महिन्यांत मागा. डॉक्टर नक्की आकडा देणार नाहीत, पण अंदाज देतील. पसरलेल्या रोगात नुसत्या औषधांवर बरेच रुग्ण वर्षभर, काही दीड-दोन वर्षेही काढतात. तो काळ इस्पितळाच्या खाटेवर जावा की घरच्या ओसरीवर, हे ठरवणे तुमच्या हातात असते.

जठर काढलेल्या माणसाचे ताट

ज्यांचे ऑपरेशन होते, त्यांच्या घरच्या बाईला खरी परीक्षा पुढेच असते. जठर म्हणजे अन्नाची कोठी. ती गेली किंवा लहान झाली, की पोटभर दोन जेवणे बंद. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे द्यावे. मऊ भात आणि मुगाचे वरण, नाचणीची पेज, ताक, उकडलेले अंडे, दह्यात कालवलेला भाकरीचा मऊ भाग असे हलके, पण अंगाला लागेल असे. गुळाचा शिरा, सरबत, बासुंदी असे फार गोड एकदम देऊ नका. ते आतड्यात धाडकन उतरते आणि माणसाला घाम फुटतो, धडधडते, चक्कर येते. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घोट घोट. जेवल्यावर लगेच आडवे होऊ देऊ नका.

पूर्ण जठर काढले असेल तर बी-ट्वेल्व्हचे इंजेक्शन जन्मभर घ्यावे लागते, कारण ते जीवनसत्त्व शोषायला मदत करणारा रस जठरातच तयार होतो. “आता बरं आहे की” म्हणून ते बंद करू नका. आणि “दोनच घास खाल्लेत, आमच्या हातचं आवडत नाही का?” असे तर चुकूनही म्हणू नका.

त्यांना सांगायचे का?

हा प्रश्न सर्वांत अवघड. आपल्याकडे पद्धत अशी की पुरुष मंडळी बाहेर बोलतात आणि आजारी बाईला सांगतात, “अल्सर आहे, बरा होईल.” ती बिचारी सगळ्यांची तोंडे बघून ओळखतेच. मग तीही नाटक करते, घरचेही करतात. रात्री एकटीच छताकडे बघत राहते. तिला कुणाला तरी पाटल्या द्यायच्या असतात, ओझरच्या गणपतीला एकदा जायचे असते, रुसलेल्या भावाला भेटायचे असते. आपण खरे लपवले की हे सगळे राहून जाते.

सगळे एकदम सांगायला नको. पण तिने विचारले, “मला काय झालंय गं?” तर खोटे बोलू नका. जवळ बसा, हात हातात घ्या, आणि आधी विचारा, “तुम्हाला काय वाटतंय आई?” बहुतेक वेळा पुढचे ती स्वतःच बोलते. वावर विकायचे की नाही, हेही तिला विचारा. पुष्कळ आया म्हणतील, “नको रे बाबा, नातवंडांचं ठेवा.” तो निर्णय तिचा असू द्या.

आणि दुखणे सोसायचेच असते, असे मुळीच नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांनी कॅन्सरच्या वेदना पुष्कळ आटोक्यात येतात. नीट मापात दिल्या तर त्यांचे व्यसन लागेल ही भीती बाळगू नका. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र 1997 पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते आणि घरच्यांनाही ती शिकवते. तिथे जाणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. केमो चालू असतानाही तिथला सल्ला घेता येतो.

आता जरा स्वतःकडे बघा

शेवटी पुन्हा त्या फळीवरच्या पुडीकडे येऊ. जठराचा कॅन्सर लिव्हरमध्ये पोचण्याआधी सापडला, तर ऑपरेशनने बरा होऊ शकतो. ‘कापून टाका’ म्हणण्याची खरी वेळ तीच. म्हणून ही लक्षणे लक्षात ठेवा. दोन-तीन आठवडे औषध घेऊनही न थांबणारी जळजळ, चार घासांत पोट भरणे, कारण नसताना वजन उतरणे, वरचेवर उलट्या, गिळताना अडकणे, डांबरासारखे काळे शौच, आणि रक्त कमी होत जाणे. बायकांचे रक्त कमी निघाले की ‘पाळीमुळे’ म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. पण पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या सासूबाईंचे रक्त कुठे जाते, हे विचारायला नको का?

जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू या रोगाचे एक मोठे कारण आहे. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांना 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणीत तो सापडला तर साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. तंबाखू हे दुसरे कारण. आणि मैत्रिणींनो, मिसरीही तंबाखूच बरं का! “मी तंबाखू खात नाही, नुसती मिसरी लावते,” असे म्हणून सुटका नाही. खूप खारवलेले रोज खाणेही कमी करा. सुकट, लोणचे, पापड चवीपुरते असू द्या.

दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांत होते. घशाला थोडा त्रास होतो, बाकी काही नाही. टोमॅटोचा तोडा आहे, कांदा काढायचा आहे, नातवाची परीक्षा आहे, म्हणून ती पुढे ढकलू नका. तोडा चार दिवस दुसरे कुणीतरी सांभाळील.

आज संध्याकाळी एवढेच करा. सासूबाईंना, आईला, किंवा तुम्ही स्वतःच घरातली मोठी असाल तर स्वतःला विचारा, “सोड्याची पुडी किती दिवसांत संपते?” पूर्वी दोन महिने पुरणारी आता पंधरा दिवसांत संपत असेल, तर नवी पुडी आणायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या.